जोतीराम खोटा पडला, त्याबद्दल

कसबा बावडा, कोल्हापूर
बुधवार, दुपार (दुकानात गिऱ्हाईक नाही)

तीर्थरूप श्रीपालमामा यांस,

तुमच्या एकुलत्या एक भाच्याचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, ती खरी आहे, पत्राच्या शोभेसाठी लिहिलेली नाही.) तुमचा खोकला कसा आहे? मामींची साखर परवाच्या तपासणीत किती निघाली? बिद्रीला कारखान्याचा हंगाम संपत आला असेल आणि मळीचा वास तुम्हाला आता येईनासा झाला असेल. इकडे बावड्यात आम्हाला आमच्या कारखान्याचा अजून येतो. आई बरी आहे. आप्पा दुकानात बसतात, खतांची पोती उतरवून घेतात आणि माझ्याकडे बघून काही बोलत नाहीत. हे त्यांचं न बोलणं आता तीन प्रकारचं झालं आहे आणि मला तिन्ही ओळखू येतात, एवढीच घरातली प्रगती.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. तुम्हीच निवृत्तीच्या वर्षी जाहीर केलं होतंत की वाईट बातमी फोनवर घेणार नाही. ज्याला ती द्यायची असेल त्याने बसून शुद्ध मराठीत लिहावी, निम्म्या लोकांचा उत्साह तिथेच मावळेल. मामा, माझा मावळला नाही. तीन दिवस मावळायची वाट बघितली. (एकतीस वर्षं तुम्ही शाळेत मराठी शिकवलंत, पण ऱ्हस्व-दीर्घ या एका पत्रापुरतं सोडून द्यावं.)

तर बातमी जोतीरामची आहे. जोतीराम म्हणजे तोच, जो सहा वर्षांपूर्वी माझ्याबरोबर तुमच्याकडे गुऱ्हाळाला आला होता आणि ज्याने एकट्याने रस उकळायची काहील उचलायला हात लावल्यावर तुमचे गडी बाजूला उभे राहून बघत बसले होते. तो आधी पैलवान होता. पंचविसाव्या वर्षी गुडघा गेला, मग जत्रांच्या मैदानात माईक घेऊन कुस्त्यांचं निवेदन करायला लागला आणि निवेदन करता करता लोक कुस्ती सोडून त्याच्याकडे बघून हसायला लागले. मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून स्टँडअप करायला परत आलो होतो. (हे वाक्य मी घरात मोठ्याने कधी म्हणत नाही.) माझं स्टँडअप कसं होतं ते तुम्हाला एका प्रसंगावरून सांगतो. ज्येष्ठ नागरिक संघात पंधरा मिनिटं बोललो. आभार मानताना अध्यक्ष म्हणाले, विनोद दर्जेदार होते, हसू मात्र आलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तर मध्येच हात वर करून विचारलं होतं, "पावणं, हसवायचं कवा सुरू करणार?" त्या प्रश्नाला सभागृहात जेवढं हसू उसळलं तेवढं माझ्या वाट्याला आजवर आलेलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून कार्यक्रम सुरू केला. नाव 'मोकळी माती'. दुकानाच्या वरच्या खोलीत समोरासमोर बसायचं, भिंतीला गोणपाटं लटकवायची (आवाज घुमू नये म्हणून, वास मात्र घुमतो), मध्ये दोन माईक आणि कॅमेरा ठेवायचा आणि तासभर काही न ठरवता बोलायचं. विषय तीनच. कुस्ती, राजकारण आणि हसवण्याचा धंदा. कोल्हापुरात याशिवाय चौथा विषय निघाला तर तो जेवणाचा असतो, आणि तो निघाला की माईक बंद करून आम्ही जेवायला जायचो. जोतीराम बोलायला लागला की मला फक्त अधूनमधून खोकायचं काम उरायचं. परदेशातल्या पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघून तो एकदा म्हणाला होता, "दोघास्नी कोंडून घालायचं आन मग लढा म्हणायचं, ह्यात काय हाय? आमच्यात पळायला चारी बाजू मोकळ्या असत्यात, तरीबी कोण पळत न्हाय. ती कुस्ती." राजकारणाबद्दल त्याचं म्हणणं असं की तिथे पाठ टेकली तरी कुणी हरत नाही; पाठीला लागलेली माती प्रचारात लागली म्हणून दाखवता येते. आणि स्टँडअपबद्दल म्हणायचा की कुस्तीत समोर एकच असतो, इथे दीडशे असतात, आणि त्यातला एकही लंगोट लावून आलेला नसतो. आमचं हे बोलणं चारशे माणसं ऐकायची. त्यातली साठ नातेवाईक होती आणि उरलेली तालमीतली.

एकेचाळिसाव्या भागात घात झाला. निवडणूक तोंडावर होती. बोलता बोलता मी सहज विचारलं, तुझी सगळ्यात वाईट कुस्ती कुठली. मामा, हा प्रश्न मी नुसता जागा भरायला विचारला होता, समोरचा पाणी पीत असताना विचारतात तसा. जोतीरामने ग्लास खाली ठेवला आणि सांगायला लागला. अकरा वर्षांपूर्वीचं जंगी मैदान. भरवणारे उदयसिंहदादा. (तेव्हाचे होतकरू, आताचे आमच्या भागाचे सर्वस्व. त्यांचा फोटो आमच्या रस्त्यावर झाडांपेक्षा जास्त आहे.) जोतीरामची कुस्ती दादांच्या पाहुण्यांच्या गावच्या पैलवानाशी लागली होती. दुपारी दादांचा माणूस तालमीत आला, जोतीरामला बाजूला घेतलं आणि म्हणाला, आज पडायचं. का विचारल्यावर तालमीच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, जागेचे कागद अजून आमच्याकडंच हाईत न्हवं? एवढंच. तालीम विरूपाक्ष वस्तादांची. चाळीस वर्षं वस्ताद तिथे पोरांना माती लावतात, घरच्या संसारापेक्षा जीव तिथेच जास्त. जोतीरामने वस्तादांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी उतरला आणि चौथ्या मिनिटाला पडला.

"पर पडायचं म्हंजे काय सोपं हाय व्हय?" तो म्हणाला. "वस्तादांनी मला खरं पडाय शिकवलंवतं. खोटं पडाय कुणी शिकवलंच न्हाय. अंग गेलं आन पाय मातीतच ऱ्हायला."

इथे तो थांबला. आणि मामा, इथे मी हसलो.

थोडंथोडकं नाही. मांडीवर थाप मारून हसलो. मला वाटलं, काय गडी आहे, काय जागेवर थांबला, आता पुढे वाक्य येणार आणि ते याहून भारी असणार. हसवण्याच्या धंद्यात माणूस थांबला की आम्हाला हसायची सवय असते. तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्वतःही थोडं हसला, आणि म्हणाला, "चल, फुडं." मी ते सगळं तसंच्या तसं ठेवलं, वर 'पडायचं कसं? पैलवानाकडून शिका' असं नाव दिलं आणि टाकून दिलं. मी तो भाग नंतर अकरा वेळा ऐकला आहे. माझं हसू सात सेकंद चालतं. त्याचं थांबणं त्याच्या आधी दोनच सेकंद आहे. म्हणजे मी त्याला नीट थांबूसुद्धा दिलं नाही.

पुढचं तुम्हाला मामींच्या मोबाईलवरून कळलं असेलच. चार दिवसांत सहा लाख माणसांनी बघितलं. दादांच्या विरोधातल्यांनी तेवढा तुकडा कापून गल्लोगल्ली फिरवला. मला खोटं बोलवत नाही, पहिले दोन दिवस मी खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा चौकात अनोळखी माणसाने मला ओळखलं आणि म्हणाला, तुम्ही त्ये मागं हसणारं न्हवं?

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायऱ्यांवर बाराजण येऊन बसले. मामा, तुम्ही कल्पना करता तसं काही नाही. कुणी काठी आणली नव्हती, कुणी आवाज चढवला नाही. अतिशय अदबीने बसले. गिऱ्हाईक आलं की सरकून वाट द्यायचे आणि विचारायचे, "काय पावणं, काय न्यायला आलाय? कुठल्या गावचं? नाव काय आपलं?" गिऱ्हाईक नाव सांगायचं आणि आठवण झाल्यासारखं करून परत जायचं. मध्ये मध्ये त्यातला एक आत येऊन आप्पांना भेंडीच्या बियाण्याबद्दल माहिती विचारायचा. आप्पा पूर्ण माहिती द्यायचे. पेरणी कधी, अंतर किती, पाणी किती. सहा दिवस बाराजणांना त्यांनी भेंडी शिकवली. सातव्या दिवशी दादांचा जवळचा माणूस आदर्श आला (नाव खरंच आदर्श आहे, मी विनोद करत नाही, माझी आता ती लायकी नाही), चहा घेतला आणि म्हणाला, "दादा लई हसलं तुमचं बघून. म्हणालं, एवढं हसवलासा, आता एवढंच सांगा की त्ये हसण्यापुरतं हुतं. प्रश्न मिटला." जाता जाता दुकानाच्या फळीवरून हात फिरवला. तो हात मी ओळखला, कारण तो हात जोतीरामने दहाच दिवसांपूर्वी मला हवेत करून दाखवला होता.

त्या दुपारी मी वर गेलो, गोणपाटासमोर एकटा बसलो आणि अडीच मिनिटांचं बोललो. सगळं काल्पनिक होतं. पैलवान त्या दिवशी खरोखरच हरला होता. आम्ही कलाकार माणसं, तिखटमीठ लावतो. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास. वगैरे. जोतीरामला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो टाक म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारायची लाज वाटली. म्हणजे अकरा वर्षांनी मीसुद्धा चौथ्या मिनिटाला पडलो. फरक एवढाच की त्याचा गुडघा तिथे गेला, माझ्या कुठल्याही सांध्याला काही झालं नाही.

पायऱ्या संध्याकाळपर्यंत मोकळ्या झाल्या. आप्पा बाहेर गेले, पायऱ्या झाडल्या, आत आले आणि म्हणाले, "दुकान माझं हाय. पायऱ्याबी माझ्याच हाईत. बसली असती की अजून." एवढं बोलून ते जेवायला गेले. मला वाटत होतं मी आप्पांसाठी केलं. आप्पांनी मला त्यातूनही मोकळं करून टाकलं.

यानंतर माणसाने गप्प बसावं की नाही? पण दादांच्या प्रचारसभेला मला दहा मिनिटांसाठी बोलावणं आलं आणि मी गेलो. का गेलो याची मी चार कारणं तयार केली होती, त्यातलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही. तीन हजार माणसं होती. मी सात मिनिटं बोललो, माणसं ऊन किती वाढलंय ते बघत होती. मग दादा स्वतः उठले, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माईकवर म्हणाले, "ह्यो गडी म्हणतोय मी कुस्त्या पाडतो. मी एकच कुस्ती पाडतो, पाच वर्सांतनं एकदा!" मैदान फुटलं, मामा. टोप्या उडाल्या. आणि मीसुद्धा हसलो, मनापासून हसलो, कारण वाक्य बरोबर जागेवर पडलं होतं. माझ्यापेक्षा त्यांना थांबता येतं. घरी येताना रिक्षात हीच गोष्ट मला जास्त लागत होती, यावरून माझी काय अवस्था आहे ते ओळखा.

दुसऱ्या दिवशी जोतीराम वरच्या खोलीवर आला. मी त्याला शिव्यांसाठी बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. स्वतःचा माईक सोडवला, वायर नीट गुंडाळली (त्याचं सगळं असंच नीट असतं), आणि दारात उभा राहून म्हणाला, "सभेत गेलास त्येचं काय न्हाय. माफी मागितलीस त्येचंबी काय न्हाय. वस्ताद आलंवतं काल घरी."

मी विचारलं, काय म्हणाले.

"म्हणालं, पयला खरा का दुसरा खरा? एकच सांग."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? दुसरा खरा म्हणालो. इनोद हुता म्हणालो. तुझ्या आप्पांचं दुकान हाय की." मग माईक काखेत धरून म्हणाला, "आयुष्यात एकदाच खरं बोललो गड्या, त्येबी तू हसून घालवलास." आणि गेला. त्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे. घराला कुलूप आहे. कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खोटं तर खोटं, वस्तादांच्या जिवाला शांतता तरी मिळाली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण गेल्या आठवड्यात वस्तादांची नात शिवांजली दुकानात आली. (औषधाच्या दुकानात काम करते, दोन शब्दांत बोलते.) तिने सांगितलं की आजोबा जेवत नाहीत. त्या मैदानाच्या आधी आठवडाभर जोतीराम गुडघा दुखतोय म्हणत होता आणि वस्तादांनीच त्याला, काही होत नाही, उतर म्हणून उतरवला होता. अकरा वर्षं म्हातारा त्याच बोचणीवर जगतोय की पोराचा पाय मी घालवला. आमचा एकेचाळिसावा भाग तिने त्यांना मोबाईलवर दाखवला, तेव्हा ते दादांना शिव्या देत, रडत, अंगणात फिरले आणि रात्री चार भाकरी खाल्ल्या. आठ दिवस नीट जेवले. मग माझी माफी आली, मग जोतीरामचं उत्तर, आणि आता परत भिंतीकडे तोंड करून तेच. मीच उतरवला. मीच उतरवला. शिवांजली म्हणाली, "तुमच्या हसण्यावर मला राग न्हवता. तुमच्या त्या अडीच मिनिटांवर हाय." पिशवी उचलून गेली. आप्पा गल्ल्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिन्ही प्रकार बाजूला ठेवून चौथ्याच प्रकारे गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीत गेलो. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, मांडीवर पंचा, शेजारी फावडं. आत चार पोरं जोर मारत होती. मला बघून पोरं थांबली, वस्तादांनी बोटाच्या खुणेने त्यांना पुन्हा खाली घातलं. मी पाया पडलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं: पहिला खरा. माफी मी भिऊन मागितली. आणि त्याने तुम्हाला विनोद म्हणून सांगितलं ते माझ्या घरासाठी. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण आणि कुणीही जांभई दिली नाही.

वस्तादांनी शेजारचं फावडं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "बस, तम्मा." (त्यांच्याकडे धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात, त्या शब्दाने मला जास्त वाईट वाटलं.) "एक सांग. त्यो सांगत हुता तवा तू हसलास का?"

"मला वाटलं विनोद करतोय."

"म्हंजे इनोद न्हवता तवा हसलास. आन हसायचं सरल्यावर त्येचा इनोद केलास."

वस्तादच पुढे म्हणाले, "पाय मातीत ऱ्हायला म्हणाला न्हवं? आन अंग कुणीकडं गेलं?" मी म्हणालो, ते त्याने सांगितलं नाही. मी हसलो ना. वस्ताद उठले. मला वाटलं फावडं घेतात. ते हौद्यात उतरले, पोरांना बाजूला केलं आणि मातीत पाय रोवून स्वतःचं अंग हळूहळू डावीकडे सोडायला लागले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पडता पडता सावरत, गुडघ्यावर हात ठेवून. पोरं घाबरली. मी कडेवरून बघत होतो. तिसऱ्यांदा थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "असा पडला व्हय रे." मग माझ्याकडे वळले. "अकरा वर्सं त्येचा गुडघा मी आतल्या अंगानं चोळतोय. जुनी लचक समजून. दुखणं भायेरच्या अंगाला हाय."

बाहेर येऊन बसल्यावर त्यांना धाप लागली होती. पाणी प्यायले. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "त्येला गाठ आन सांग. तालमीसाठी पडला म्हणून मी हार घालणार न्हाय. शिव्या घालणार हाय. माझी तालीम, मी बघितलं असतं, त्यानं कशाला पडायचं? पर ये म्हणावं. अजून बसंल गुडघा."

मी घरी आलो आणि त्याच दिवशी वर जाऊन तिसऱ्यांदा बोललो. माफी खोटी होती, पहिलं खरं होतं, आणि मी चुकीच्या ठिकाणी हसलो. तीन मिनिटं. एकही विनोद नाही. टाकण्याआधी आप्पांना विचारलं, कारण दुकान त्यांचं, पायऱ्या त्यांच्या. आप्पा म्हणाले, "टाक की. भेंडी शिकवून झाली, आता गवारी शिकवतो." माझ्या आप्पांना विनोद करता येतो, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं.

टाकलं. दुकानाची फळी लावून आम्ही तिघं आत बसलो. आईने णमोकार मंत्र सुरू केला. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी आप्पांनी फळ्या काढल्या आणि पायऱ्यांवर बघितलं तर एक कुत्रं झोपलेलं. मामा, निवडणूक होऊन गेली होती. दादा निवडून आले होते. त्यांना आता वेळ नव्हता, विरोधकांना गरज नव्हती. आदर्श परवा चौकात भेटला तर मान हलवून पुढे गेला. पहिला भाग बघितला सहा लाखांनी, माफी तीन लाखांनी, आणि हे खरं बोललेलं बघितलं दोनशे बारा जणांनी. त्यातही एकाने नापसंती दिली आहे. ते आप्पा असणार, त्यांचं बोट चुकीच्या ठिकाणी लागतं. ज्या माराला घाबरून मी एवढं सगळं केलं, तो मार मला कुणी देऊ करायलाही आलं नाही. मी आता रोज दुकानात बसतो. बोलायचं काम सोडलं आहे. लोक येतात, युरिया मागतात, मी युरिया देतो. त्यात थांबायची जागा चुकत नाही.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा. सकाळी गार वाऱ्यात ओट्यावर बसू नका.

आपला आज्ञाधारक (आता तरी),
अभिनंदन

ता.क. आईने विचारलं आहे की येत्या रविवारी मामींना इकडे यायला जमेल का. मी विसरणार होतो म्हणून इथे लिहिलं. हे काही पत्राचं कारण नाही.

ता.क. दुसरा. वर मी लिहिलं की जोतीराम कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. ते खोटं आहे. तीन आठवडे तो तुमच्याकडे आहे, तुमच्या दोन्ही म्हशींचं बघतो आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर बातम्या बघून त्यांना उत्तरं देतो. मामींनी आईला सांगितलं. आईने तुम्हाला फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कोण जोतीराम?" मामा, इतकी वर्षं सत्याचं व्रत पाळलेल्या माणसाने खोटं बोलूच नये, पण बोलायचंच तर थोडं बरं तरी बोलावं. मी रागावलो नाही. तुम्ही त्याला ठेवून घेतलंत म्हणून हे पत्र तुम्हाला नमस्कारापासून लिहिलं. मला स्वतः तिकडे यायचं धाडस नव्हतं आणि त्याचा फोन बंद.

ता.क. तिसरा, आणि खरं काम एवढंच. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवा. स्वतः वाच म्हणून हातात दिलंत तर घडी करून खिशात ठेवेल. तब्येतीचं आणि मळीचं गाळा. मी हसलो तिथवर आलात की तो उठेल. त्याला उठू द्या, पण तुम्ही वाचत राहा, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा आवाज लावा, गोठ्यापर्यंत जाईल. तालमीतलं वस्तादांचं बोलणं मात्र त्यांच्याच भाषेत वाचा, तिथे शुद्ध करू नका. तो यायला हो म्हणाला तर मला कळवत बसू नका, सकाळच्या एसटीत बसवून द्या, वस्ताद पहाटेपासून तालमीत असतात. नाही म्हणाला तर भांडू नका. आणि काहीच न बोलता धार काढायला बसला, तर चरवी भरेपर्यंत थांबा आणि विचारा, अंग कुणीकडं गेलं होतं, डावीकडं का उजवीकडं. वस्तादांचा अंदाज आहे, त्याच्या तोंडून अजून कळलेलं नाही.